दोष काढणे

‘दोष काढणे’ या शब्दप्रयोगात दोन अर्थ राहतात, पण मराठीत आपण बहुधा एकच वापरतो. सुनेचे दोष काढायचे, लेखकाचे दोष काढायचे, म्हणजे नावे ठेवायची. वास्तविक काढणे म्हणजे बाहेर घेऊन टाकणेही. काटा काढतात, डाग काढतात, दुखरा दात काढतात. मी राहते त्या चंदीगडमध्ये, पंजाबीत, दोषाला ‘नुक्स’ म्हणतात आणि ‘नुक्स कड्ढणा’ या प्रयोगातही हाच दुपेडीपणा आहे. सासूच्या तोंडी तो खोट काढण्याचा असतो, मिस्त्रीच्या तोंडी बिघाड शोधून दूर करण्याचा. अनुवाद करणाऱ्याला असे शब्द अडवतात, कारण लक्ष्यभाषेत दोन्ही पेड एकत्र धरणारा शब्द सहसा मिळत नाही. इथे मात्र मराठीपाशी तो आहे, फक्त त्याचा एक पेड वापरावाचून पडून आहे.

मराठीत ‘बिघाड’ असाही शब्द आहे. बिघाड यंत्रात होतो. दोष कुणाचा तरी असतो. बिघाडाचा दोष होतो केव्हा, आणि तो तसा करण्याचा अधिकार आपल्याला कधी मिळतो, असा या लेखाचा प्रश्न आहे. तो मला एका जुन्या पिकअपमुळे पडला.

मनीमाजरा हे चंदीगडच्या कडेचे, आखीव शहराच्या आधीपासूनचे गाव. तिथला मोटर मार्केट म्हणजे सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा मोठा बाजार. माझ्या घराजवळ एक छोटा मालवाहतूकदार राहतो. त्याची एक जुनी डिझेल पिकअप आहे आणि ती चालवायला पगारी ड्रायव्हर आहे. पहाटे सेक्टर २६ च्या भाजी मंडईतून माल उचलायचा आणि मोहाली, पंचकुल्याच्या दुकानांत पोहोचवायचा, हे तिचे काम. या शहरात मोठे रस्ते एकमेकांना भेटतात तिथे बहुतेक ठिकाणी गोल चौक आहेत. प्रत्येक चौकात वेग कमी करायचा, चाक वळवायचे, पुन्हा सरळ करायचे. गाडीने नेमका तिथेच त्रास द्यायला सुरुवात केली. वेग उतरला, चाक वळले की इंजिन गचके खाई आणि कधीकधी बंद पडे. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंगची मदतही थांबते. भरल्या गाडीचे चाक एकाएकी दगडासारखे जड होते, आणि समोर सायकलवाले असतात. ही केवळ गैरसोय नव्हती.

मालकाने निदान केले. ड्रायव्हर अरुंद बोळात गाडी मागे घेताना चाक शेवटपर्यंत वळवून तसेच दाबून धरतो, त्यामुळे स्टिअरिंगचा पंप गेला. एका मिस्त्रीने पंप खोलून न पाहताच मान डोलावली. दुरुस्त करून विकायला ठेवलेला दुसरा पंप बसवला गेला आणि खर्चाचा अर्धा वाटा ड्रायव्हरच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापायचे ठरले. दहा दिवसांत गाडी पुन्हा चौकात बंद पडली. तोवर एक हप्ता कापून झाला होता.

मालक लबाड होता असे मला वाटत नाही. त्याच्या निदानात तथ्यही होते. जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पुलीवरून एक पट्टा निघतो आणि तो पंप फिरवतो. पंप दाबाखाली तेल पाठवतो आणि ते तेल चाके वळवायला हातभार लावते. सरळ रस्त्यावर हा पंप जवळजवळ मोकळाच फिरतो. चाक टोकापर्यंत वळवून धरले की तेलाला पुढे जायला वाट उरत नाही, दाब चढत जातो, आणि सुटकेचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे शंभरपट होऊ शकतो. तेल तापते, पंप कण्हायला लागतो. म्हणूनच चाक टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये असे गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. ड्रायव्हर ते धरत असे, हे त्यानेही नाकारले नाही. बोळ अरुंद होता.

पण या साखळीच्या दुसऱ्या टोकाला इंजिन आहे. पायाने रेस न देता इंजिन आपल्यापुरते चालू राहते त्याला आयडलिंग म्हणतात. मिस्त्री लोक ‘स्लो’ म्हणतात. अशा इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण ७०० ते ८५० असतात. म्हणजे जेमतेम तग धरण्यापुरते बळ. त्यात पंपाचा भार आला की फेरे उतरतात. जुन्या डिझेल इंजिनात संगणक नसतो. डिझेल पंपातला गव्हर्नर, म्हणजे फिरती वजने आणि स्प्रिंग यांची एक जोडणी, फेरे उतरल्याचे ओळखून डिझेल वाढवते आणि इंजिन सावरते. निरोगी गाडीत हे इतके पटकन घडते की चालवणाऱ्याला फक्त आवाजात किंचित फरक जाणवतो.

आता बिघाडाकडे पाहू. पंप घट्ट झाला असेल, तर तो इंजिनावर जास्त भार टाकेल आणि इंजिन बसेल. पण इंजिनच अशक्त असेल, तर पंप हळू फिरेल, तेल कमी पडेल आणि चाक जड होईल. ड्रायव्हर मग जास्त जोर लावील, दाब आणखी चढेल, इंजिन आणखी बसेल. पहिल्या गोष्टीत पंप गुन्हेगार आहे, दुसरीत इंजिन, आणि चालवणाऱ्याच्या हाताला दोन्ही सारख्याच लागतात. इंजिन पंपाकडे बोट दाखवते, पंप इंजिनाकडे. तर्कशास्त्रात या दोषाला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर सिद्ध केलेल्या, म्हणजे दोन्ही असिद्ध.

आपल्याकडे म्हण आहे, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ती आपण चुकीच्या उपायाला हसण्यासाठी वापरतो. पण ही म्हण म्हणणाऱ्याला आजार म्हशीला आहे हे आधीच माहीत असते. तो कुठून कळला, हे म्हण सांगत नाही. पखाल पाण्याने जास्त भरली म्हणून म्हैस लडखडत असेल, तर पखालीकडे पाहणारा माणूस मूर्ख कसा? आणि पखाल हलकी असूनही म्हैस लडखडत असेल, तर गोष्ट वेगळी. दोन्हीत डोळ्यांना दिसते ते एकच, लडखडणारी म्हैस. भाराखाली जो सर्वांत दुबळा असतो तो आधी डळमळतो, आणि जो डळमळतो त्याच्यावर आपण आधी दोष ठेवतो. या गाडीत इंजिन, पंप आणि ड्रायव्हर असे तिघे एका भाराखाली होते. त्यांपैकी पगार फक्त एकाचा कापता येत होता.

अन्योन्याश्रयातून बाहेर पडायचे तर दोघांना वेगळे करून पाहावे लागते. न्यायदर्शन यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगते. एक असताना दुसरे असते का, आणि एक नसताना दुसरे नसते का. दुसऱ्यांदा गाडी ज्या मिस्त्रीकडे गेली, त्याने न्यायदर्शनाचे नावही कधी उच्चारले नसेल, पण त्याने पहिली गोष्ट केली ती व्यतिरेकाची. त्याने पंपाचा पट्टा उतरवला. या गाडीत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर वेगळ्या पट्ट्यावर चालतात, म्हणून हे जमले. आता स्टिअरिंगचा पंप इंजिनापुरता अस्तित्वातच नव्हता. इंजिन चालू केले, तर ‘स्लो’ तसाच वर-खाली होत होता. पंप नसतानाही दुखणे होते, त्या अर्थी निदान या दुखण्यापुरता पंप सुटला. नवा सुटला, आणि काढून टाकलेल्या जुन्यावरचा आरोपही लटका पडला.

मग तो डिझेलच्या वाटेकडे वळला. फिल्टरकडून येणाऱ्या नळीच्या जागी त्याने थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली. तिच्यातून बुडबुडे जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिले. टाकीकडच्या बाजूला रबरी नळीला बारीक चीर होती. त्या बाजूला डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर गळत नव्हते, हवा आत जात होती. बाहेरून सगळे कोरडे आणि स्वच्छ. नळी बदलली, हवा काढून टाकली, इंजिन एका सुरात चालू लागले. पट्टा परत चढवून त्याने चाक टोकापर्यंत वळवले. चाक पुष्कळ हलके झाले होते, पण शेवटच्या टप्प्यात पट्टा चिरकला. पंप बदलताना जुनाच, घासून गुळगुळीत झालेला पट्टा परत बसवला गेला होता. तो बदलला आणि काम संपले. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, दोन्ही स्वस्त होते, आणि ज्याच्यावर आरोप होता तो त्या दोघांत नव्हता.

इथे मला नैयायिकांचे गाढव आठवते. कारण म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारे, अशी साधी व्याख्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात भेटते. पण नुसते आधी असणे पुरेसे नाही, म्हणून परंपरेने ‘अन्यथासिद्ध’ अशी वर्गवारी केली. तिथे असलेले, पण कारण नसलेले. विश्वनाथांच्या भाषापरिच्छेदात याचे पाच प्रकार येतात. घट घडत असताना कुंभाराचे गाढव जवळ उभे असेल, त्याने माती वाहून आणली असेल, तरी ते घटाचे कारण नव्हे; माती दुसऱ्या कशानेही आली असती. ड्रायव्हरची टोकाला चाक धरण्याची सवय या घटनेत त्या गाढवासारखी होती. ती आधीपासून होती, सगळ्यांना दिसत होती, वाईटही होती. पण तिच्याशिवायही इंजिन बंद पडलेच असते. वाईट सवय आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसावर अन्याय होतो तो पुष्कळदा त्यांच्या सरमिसळीतून. ज्याची एखादी खोड आपल्याला ठाऊक असते, त्याच्याकडे आपला शोध लवकर थांबतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात तेव्हा तो संन्यासी बहुधा निर्मळ नसतोच. त्याच्याबद्दल काहीतरी कानावर आलेले असते.

त्याच यादीत कुंभाराचा बापही आहे. तो नसता तर कुंभार नसता आणि घटही नसता, तरी बाप म्हणून तो घटाचे कारण धरत नाहीत. असे मागे जात राहिलो तर अंत लागणार नाही, म्हणून शास्त्र तिथे थांबते. गाडी दुरुस्त करणाऱ्यालाही थांबावेच लागते. नळी चिरली होती, बदलली. ती का चिरली, गेल्या किती वर्षांत कुणी तपासली नाही, हे त्याच्या कामाबाहेरचे. पण जबाबदारीचा विचार करताना कुंभाराच्या बापाला इतक्या सहज सोडता येत नाही. नळ्यांची देखभाल कुणाची, तिच्यासाठी पैसे आणि एक सुटीचा दिवस देण्याची सत्ता कुणाकडे, हे प्रश्न तिथे येतातच. दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत जवळचे कारण महत्त्वाचे, कारण तिथे पाना लागतो. नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचा तो दुवा, जो वेगळे वागू शकत होता. मालकाने या दोन साखळ्या एकच मानल्या आणि दोन्ही ड्रायव्हरपाशी आणून बांधल्या.

याच चुकीचे एक मोठे, सार्वजनिक रूपही आहे. गाडी जुनी आहे, म्हणून असे होते, हे वाक्य त्या दिवसांत मी निदान पाच जणांकडून ऐकले. वय हे कारण आहे का? धूर आहे तिथे अग्नी असतो. पण अग्नी आहे तिथे धूर असतोच असे नाही, त्यासाठी इंधन ओले असावे लागते, असे नैयायिक सांगतात. या आडून काम करणाऱ्या अटीला ते उपाधी म्हणतात. जुनेपणा आणि बिघाड यांच्यामध्ये देखभाल ही अशीच उपाधी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. चंदीगड त्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे दिल्लीत चालवता न येणारी गाडी इथे रस्त्यावर दिसू शकते. तीच गाडी, तेच इंजिन. हद्द ओलांडली की दोषी किंवा निर्दोष. तरी मी या नियमाला मूर्खपणा म्हणणार नाही. कोट्यवधी लोक श्वास घेतात त्या हवेसाठी प्रत्येक इंजिनापाशी पारदर्शक नळी घेऊन बसणे शक्य नसेल, तर वयासारखी ढोबळ खूण वापरावी लागते. मात्र तो आळा आहे, निदान नव्हे, एवढे भान हवे. आळा घालताना आपण वर्गाशी बोलत असतो. दोष ठेवताना एका माणसाशी किंवा एका यंत्राशी बोलतो, आणि त्या एकाला त्याची स्वतःची तपासणी मिळायला हवी.

कुणी म्हणेल, एवढी तपासणी परवडते कुणाला? हा आक्षेप खरा आहे. रॉबर्ट पिरसिग यांच्या १९७४ च्या मोटारसायकलीवरच्या प्रसिद्ध पुस्तकात असाच प्रसंग आहे. मिस्त्री इंजिन पुन्हा पुन्हा खोलतात, आणखी खराब करतात, आणि शेवटी सगळ्याचे मूळ एका क्षुल्लक पिनेत निघते. त्या मिस्त्रींना आपल्या कामाची आस्था नव्हती, असा पिरसिग यांचा रोख आहे. मनीमाजऱ्याच्या बाजारात उभी असताना मला आस्था कमी दिसली नाही. कमी दिसला तो वेळ. तिथे नव्या भागाचे पैसे मिळतात, तो बसवण्याची मजुरी मिळते. दोन तास विचार करून ‘पंप ठीक आहे’ असे सांगण्याची मजुरी कुणी देत नाही. उलट गिऱ्हाईक म्हणते, मग तुम्ही केले काय? अंदाज बांधून भाग बदलणाऱ्याला अशा बाजारात पैसे मिळतात, शोधणारा तोट्यात जातो. पहिला मिस्त्रीही एका भाराखालीच मान डोलावत होता. त्याला गुन्हेगार ठरवून मोकळे झालो, तर मालकाने ड्रायव्हरचे केले तेच आपण मिस्त्रीचे करू.

शिवाय अंदाज हा काही अपराध नाही. दुसरा मिस्त्रीही अंदाजानेच सुरुवात करतो. पण त्याचा अंदाज खोटा ठरायला तयार असतो. पट्टा उतरवला आणि इंजिन स्थिर झाले असते, तर पंपावरचा संशय पक्का झाला असता. न झाल्यावर तो संशय त्याने सोडून दिला. शिवाय पट्टा परत चढवता येतो. पहिल्या अंदाजाला असे खोटे ठरण्याचे दार ठेवलेले नव्हते. पंप बदलला गेला, पैसे कापले गेले, आणि मगच गाडीने आपले म्हणणे मांडले. परत फिरवता येईल असा अंदाज ही चाचणी असते. त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल आणि ती परत मिळणार नसेल, तर तो निवाडा होतो, मग त्याला आपण काहीही नाव देऊ.

माझ्या कामात याचा सौम्य अवतार रोज भेटतो. अनुवाद वाचून कुणी म्हणते, हा शब्द खटकतो. शब्द काढून पाहिला तरी वाक्य लंगडतेच. तेव्हा कळते की दुखणे दोन वाक्ये आधीच्या काळात किंवा एका हरवलेल्या ‘तर’मध्ये आहे. भार त्या शब्दावर येत होता, म्हणून तो खटकला. इथे चुकीच्या निदानाची शिक्षा एका निरपराध शब्दाला होते, आणि शब्दाला घरभाडे द्यायचे नसते. ड्रायव्हरला असते. म्हणून निदानाची कसोटी सगळीकडे सारखी लावून चालत नाही. ज्याच्यावर दोष येणार तो जितका दुबळा, तितका पुरावा जास्त मागायला हवा. व्यवहारात आपण उलटे करतो, कारण दुबळा माणूस पुरावा मागत नाही.

गाडी नीट झाल्यावर मालकाने पुढचे हप्ते कापणे थांबवले. कापलेला हप्ता परत दिला नाही. त्याचा युक्तिवाद असा होता की पंप जुनाच होता, आज ना उद्या बदलावाच लागला असता, पैसे काही वाया गेले नाहीत. युक्तिवाद ऐकायला बरा आहे, आणि त्याचा पूर्वार्ध कदाचित खराही असेल. पण आज ना उद्या बदलावा लागणारा पंप हा गाडीचा खर्च आहे, आणि गाडी मालकाची आहे. पगारातून पैसे कापले होते ते ड्रायव्हरने पंप घालवला या एकाच आधारावर. तो आधार पट्टा उतरवला त्या क्षणी गेला. आधार गेल्यावर दंड दुसऱ्या खांबावर टेकवून उभा ठेवता येत नाही. पंप मालकाकडे राहील, चांगला चालेल, त्याचा उपयोगही त्यालाच होईल. म्हणून त्याची पूर्ण किंमतही त्याचीच. दोष शोधून झाला, दूरही झाला. पण तो ज्याच्यावर ठेवला होता त्याच्यावरून उचलला गेलेला नाही, आणि ते काम मिस्त्रीचे नाही. ते मालकाचे आहे, आणि हे त्याला सांगणे आम्हा शेजाऱ्यांचे.